आरोहीचं वजन, वजा शेळी

वस्ती, सास्तूर
५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप द्वारकाआत्यास,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाय, म्हणून लिहिते. माझ्या अंगणवाडीत अडीच वर्षांची आरोही आहे. नुसती काडी. जादा आहार द्यायचा तर आधी वजन पाहिजे, आणि तिची आजी गजराबाई पोरीला काट्यावर ठेवूच देईनात. जोखलेल्या लेकराला नजर लागते म्हणे. पाया पडून झालं, भांडून झालं. तुम्ही तीस वर्षं अंगणवाडी चालवली, तुम्हीच काहीतरी सुचवा.

माया आहेच, ती वाढू द्या.
वर्षाराणी

माकणी
९ ऑगस्ट

चि. वर्षाराणीस अ. उ. आ.

म्हातारीशी भांडू नको, म्हातारीच जिंकती. तिला सांग, पोरीला शेळीसंगं काट्यावर चढवू. नजर लागली तर शेळीला लागंल. शेळीचं वजन एकदा करून ठेव आन् दर महिन्याला तेवढं वजा कर. म्या तर एक लेकरू खुराड्यासकट जोखलंय.

जेवत जा येळेवर.
आत्या

वस्ती, सास्तूर
५ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यास सा. न. वि. वि.

युक्ती लागू पडली. भुसार दुकानातला काटा आणला. ऑगस्टात शेळी बत्तीस किलो, आरोही साडेआठ. गजराबाई दर वेळी शेळीच्या कपाळाला काळं लावतात. तीन महिन्यांत पोर साडेअकरावर गेली. सुपरवायझर बाईंनी कौतुकानं फोटो काढला, त्यात मधोमध शेळी. आता आरोहीचा जादा आहार बंद केलाय. फक्त फ्रॉक अजून खांद्यावरून घसरतो, त्याचं नवल वाटतं.

आशीर्वाद राहू द्या.
वर्षाराणी

माकणी
९ नोव्हेंबर

चि. वर्षाराणीस अ. उ. आ.

अगं येडे, शेळी गाभण हाय का बघ. आपली उस्मानाबादी शेळी, जुळ्याबिगर ऐकत न्हाय. चूक माझी बी हाय. माझा जीव थाऱ्यावर न्हाय, लगेच कळव.
आत्या

वस्ती, सास्तूर
२ डिसेंबर

तीर्थरूप आत्यास सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी शेळी व्याली. जुळीच. माझ्या वहीप्रमाणं आरोही सकाळी साडेअकरा किलो होती आणि दुपारी साडेआठ.

पत्र गजराबाईंना वाचून दाखवलं. त्या तशाच उठल्या. पोरीला कडेवर घेऊन अंगणवाडीत आल्या आणि तिला एकटीला काट्यावर बसवलं. आठ किलो दोनशे. त्यांना आकडे कळत न्हाईत, म्हणून मी सांगितलं. “माझ्या नातीचं वजन शेळीनं खाल्लं,” असं म्हणत त्या रडायला लागल्या. मीही रडले, आत्या. पोरीचा घास मी बंद केला होता.

आहार त्याच दिवशी परत चालू केला. शेवटचा घास पोटात जाईस्तोवर गजराबाई समोरून उठत न्हाईत. काल पुन्हा वजन केलं, आठ किलो चारशे भरलं. मी आकडा त्यांच्या कानात हळूच सांगितला, तर त्यांनी तो दारात उभं राहून अख्ख्या वस्तीला ओरडून सांगितला.

लेकीवर राग धरू नका.
वर्षाराणी