तू नेलेली मापं

प्रिय धाकट्या,

आई आता काठीशिवाय चालते. तुझ्या खोलीत ती अजून कुणाला पसारा मांडू देत नाही.

तिच्या आजारपणात तू आलास, तेव्हा मला केवढा आधार वाटला होता. दवाखान्यातून निघालास की थेट कारखान्यात यायचास, माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायचास. पंपाच्या रबरी सीलमध्ये तुला एकाएकी गोडी कशी लागली, हे विचारायचंही मला सुचलं नाही. मी मेली हौसेनं दाखवत सुटले, तू मोबाइलवर फोटो काढत राहिलास. साच्यांची मापं, रबराचं मिश्रण, साचे दाबायची प्रेस किती तापवायची, सगळं. मग एक दिवस आपल्याकडून सीलं घेणाऱ्या पंपवाल्या काकांनी तुझ्या नव्या कंपनीचं सील माझ्या टेबलावर ठेवलं. हुबेहूब आपलंच, वर स्वस्त. घरात वाटणी झाली का, असं त्यांनी हळूच विचारलं. माझ्याच्यानं मान वर करवेना.

जास्त पगार देऊन तू आपला प्रेसवालाही फोडलास. तरी तुझी सीलं गळलीच. तुझा माल घेऊ लागलेले काका परत आले, मागोमाग प्रेसवालाही आला. तुझ्याकडे एकदा मिश्रण कडक वाटलं म्हणून त्यानं काम थांबवलं, तर तू त्याला सगळ्यांदेखत झापलंस म्हणे. पुढच्या वेळी तो गप्प बसला. आपल्याकडे मिश्रणवाली मावशी स्वतःच धावत येते, आज माझा हात चुकलाय, थांबा म्हणते, आणि तिला कुणी बोलत नाही. ही सवय लावताना बाबांनी किती माल फेकून दिला, तू पाहिलंयस. ती मोबाइलच्या फोटोत कशी येणार होती?

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कारण हल्ली मागे कुणी येऊन उभं राहिलं की, हाही काही टिपून नेईल या धास्तीनं मावशी बोलायची थांबते. परवा तिनं चूक लपवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चूक मोकळेपणी सांगायचं ते वळण तुला उचलून नेता आलं नाही, पण आमच्याकडचं मात्र तू नासवून गेलास.

पुन्हा एकत्र काम करू, असा निरोप तू धाडलास, म्हणून हे लिहितेय. नको. आईला भेटायला कधीही ये, जेवून जा. कारखान्यात पाऊल टाकू नकोस. रखवालदाराला तसं सांगितलंय. कुणाला आत सोडायचं नाही म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा माझ्या भावाला, एवढं म्हणायला मला फार वेळ लागला.

तरीही तुझीच,
ताई