सातवा पत्ता

३ ऑगस्ट, रविवार
अकोल्याहून सकाळच्या गाडीनं घरी. नोकरी तिकडे, जीव इकडे. बाबांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. फिजिओबाईंनी दिलेला रबरी चेंडू खाटेखाली. "मले लेकरू समजून राहिली का ते?"
लकवा मारल्यापासून राजापेठेतलं फुलांचं दुकान बंद. आईचं सगळं फुलांच्या शेतात, हार ओवणारे बाबाच. शेजारचे नारळवाले प्रल्हादभाऊ दुकानाची जागा मागताहेत. घटस्थापनेआधी सांगा म्हणाले.

१० ऑगस्ट, रविवार
माळ्यावरून क्रिबेज हा पत्त्यांचा खेळ काढला. मी हॉस्टेलात शिकलेले. पत्त्यांची बेरीज पंधरा झाली की दोन गुण, जोडीला दोन. जितके गुण, तितकी भोकं लाकडी फळीवरची आपली खुंटी पुढे. समोरच्यानं मोजताना सोडलेले गुण आपण ढापायचे, हा माझा लाडका नियम. बाबांचे चार ढापले.
"चोट्टी हायेस तू!"
चेंडूपेक्षा बरं. पण सगळं डाव्या हातानं, खुंटीसुद्धा. उजव्यानं करा म्हटलं असतं तर उठून गेले असते. 

१७ ऑगस्ट, रविवार
सहाच पत्ते वाटायचे असतात. बाबा मला सात देतात. तीनदा सांगितलं, तिन्हीदा सात.
"सवय हाय. मोजून झाल्यावर गिऱ्हाइकाले वरून एक फूल टाकाच लागते."
बाबा, मी गिऱ्हाईक नाही, आणि ही शेवंती नाही, बदामची राणी आहे! डाव रद्द, पुन्हा पिसा. पिसायचं मीच. मी वैतागले. ते हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा, वाकडं का होईना.

३१ ऑगस्ट, रविवार
गणपतीचे दिवस आणि आपलं शटर खाली. जुनं गिऱ्हाईक हारासाठी घरी आलं. आईनं सुटा झेंडू दिला. बाबा भिंतीकडे तोंड करून. खेळ नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

७ सप्टेंबर, रविवार
आज दिसलं!!
सहा पत्ते डाव्या हातानं, अडखळत. सातवा उजव्या हातानं येतो. गड्डी मांडीलगत असते. हात जरासा उचलतो, दोन बोटं पत्ता पुढे ढकलतात, पुडीवर फूल टाकल्यासारखी. त्यांना स्वतःला कळतही नाही. आईला खूण केली. तिची भाकर तव्यावर करपली.
बाबांना सांगायचं नाही. मुद्दाम करायला गेले की अडेल. आजपासून सात पत्ते चालतील. नियम गेला खड्ड्यात.

१४ सप्टेंबर, रविवार
जास्तीच्या पत्त्यामुळे माझी खुंटी सुसाट. बाबा भडकले. "सात पत्ते भेटते म्हणून जिंकून राहिली तू!"
मी म्हटलं, देतंय कोण?
"मंग मलेबी वरून दे."
आता दोघांनाही सात. फिजिओबाईंना फोन केला. म्हणाल्या, बोटं हलताहेत हे फार चांगलं. पण बधिरपणा जायला वेळ लागेल, कदाचित पूर्ण जाणारही नाही. मी 'कदाचित' एवढंच धरून ठेवलंय.

२१ सप्टेंबर, रविवार
उद्या घट. बाबांनी स्वतःहून सुई मागितली. आईनं दोरा ओवून दिला. उजव्या हातात झेंडू, डाव्यात सुई. पहिलं फूल फाटलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला सुई थेट बोटात. उजव्या.
"आई गं! टोचलं ना बे!"
मग आम्ही तिघंही बोटाकडे बघत. मागच्या महिन्यात याच हातावर गरम चहा सांडला होता, तेव्हा कळलंही नव्हतं. आई पदरानं रक्त पुसायला गेली.
"पुसू नको. राहू दे."
तेवढ्यात दारात प्रल्हादभाऊ. "काय ठरलं मंग, वहिनी?"
बाबांनी बोट पुढे केलं. "पाह्य प्रल्हाद, लय दुखून राहिलं!" हसत होते. प्रल्हादभाऊ बिचारे कधी बोटाकडे, कधी आमच्याकडे.
आई म्हणाली, "आज अवस हाय, भाऊ. उद्या पाहू."
ते गेले. बाबांनी चौथं फूल उचललंय. मी हे लिहितेय तोवर सुईत गेलेलं नाही.