यांची बंदूक आणि माझं मलम

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मी बोलणार, सूनबाई लिहिणार. मला अक्षर येत नाही, पण बोलायचं कधी अडलेलं नाही. अट एकच, ही वही कुणी वाचायची नाही. मी तर वाचणारच नाही. सूनबाई म्हणाली, मग आई, लिहायची कशाला? म्हटलं, तू लिही.

यांना जाऊन पाच महिने झाले. यांची ठासणीची बंदूक मागच्या खोलीत खुर्चीशेजारी उभी आहे. ठासणीची म्हणजे तोंडातून भरायची. आधी काळी भुकटी, तिच्यावर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, मग गजाने खाली ठासायचं. असल्या जुन्या बंदुकांचा क्लब आहे. दर रविवारी मैदानावर म्हातारे जमतात आणि माणशी एक बार काढतात. भुकटी महाग, म्हणून एकच.

काल क्लबचा सेक्रेटरी आला होता. बंदुकीमागे मेंबर नसेल तर ती क्लबच्या कपाटात, काचेमागे जाते म्हणे. तेवीसला रविवार आहे, त्या दिवशी यांच्या आठवणीत सगळे बार काढतील, मग नेतो म्हणाला. मी म्हटलं, त्या दिवशी यांचा बार मी काढते. गोळी कागदाला लागली तर मला मेंबर करा आणि बंदूक राहू दे घरात. सेक्रेटरी हसला. सूनबाई पण हसली, पण तोंड फिरवून. चांगल्या घरची आहे. हे लिहिलंस ना?

संकल्प: वीस दिवसांत नळी आरशासारखी करायची. बाजारची बाटली घरात येणार नाही.

५ मार्च, बुधवार

फॉर्म्युला नंबर एक. कढत पाणी, त्यात कपड्यांच्या साबणाचा कीस. नळीत ओतलं.

नळीच्या बुडाशी, जिथे फुटायची टोपी बसवतात, तिथे बारीक भोक असतं. पाणी तिथून बाहेर पडायला हवं. पडलं नाही. नळीच्या तोंडाशी येऊन थांबलं. पाच महिने तहानलेली, पिते आहे बिचारी. मी पिऊ दिलं.

संध्याकाळी उलटी केली. काळंकुट्ट पाणी आलं, विझवलेल्या काडीसारखा वास. यांचा रविवारचा शर्ट असाच वास मारायचा. सूनबाईने खिडकी उघडली. मी लावली.

८ मार्च, शनिवार

आज मलम केलं. गोळीच्या चिंधीला मलम लागतं, म्हणजे गोळी सरकते आणि नळी घासत नाही. मेण, मटणाची चरबी, एरंडेल. माझा हात एरंडेलाला सैल आहे आणि तेच माझं सीक्रेट. यांचा दोस्त घड्याळजी, घड्याळं दुरुस्त करतो म्हणून घड्याळजी, मला नेहमी सांगायचा, वहिनी, मेण वाढवा, तेल कमी करा, भुकटी भिजते. कंजूष माणूस. दुसऱ्याचं तेलसुद्धा त्याला बघवत नाही.

माझ्या मलमाचा गुण काय सांगावा. मी करायला लागण्याआधी बंदूक रविवारी घरी यायची ती चुलीतून काढल्यासारखी. माझं मलम सुरू झालं आणि नळी स्वच्छ यायला लागली. फडकं घालावं तर पांढरं ते पांढरंच. आणि नेम. मागच्या खोलीची भिंत यांच्या कागदांनी भरली आहे, प्रत्येकाला मधोमध एक भोक. कडा इतक्या साफ की शिंप्याने पाडलंय वाटावं. हे म्हणायचे, तुझ्या मलमाची कृपा. यांनी उभ्या जन्मात दुसऱ्या कशाला माझी कृपा म्हटलेलं नाही.

मागच्या खोलीचं दार दिवेलागणीला करकरतं. वारा नसला तरी. हे बरोबर त्याच वेळी खुर्चीत येऊन बसायचे. सूनबाई बिजागरीत तेल घालायला निघाली होती. मी बाटली काढून घेतली. हे लिही.

११ मार्च, मंगळवार, संध्याकाळ

काल फॉर्म्युला नंबर दोन, व्हिनेगर. पिऊन बसली. आज फॉर्म्युला नंबर तीन, खायचा सोडा पाण्यात कालवून. ओतला मात्र.

हुश्श.

सूनबाई दारातच थबकली. नळीच्या तोंडाशी करडा फेस आला आणि आतून मोठा सुस्कारा. मैदानावरून आल्यावर बूट काढून खुर्चीत टेकताना हे अगदी असंच करायचे. नंतर पोटात गुडगुड. ती सुद्धा यांचीच, चाळीस वर्षं शेजारी झोपले आहे मी.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अडाणी असले तरी तेवढी अडाणी नाही. हे भूत नव्हे. हे नुसते आलेत.

१४ मार्च, शुक्रवार

गज घालून पाहिला. गजाला यांनी चाकूने खूण केलेली आहे. नळी रिकामी असली की गज बुडाला टेकतो आणि खूण बरोबर तोंडाशी येते. आज खूण चार बोटं वर राहिली. जोर लावला. वरच. खाली कोणी हात धरून ठेवल्यासारखा गज मऊ टेकतो आणि थांबतो.

गज ओलाव्याने फुगला असेल.

सूनबाईचं म्हणणं, लाकूड लांबीला फुगत नाही, घड्याळजीला बोलवू. म्हटलं, त्या माणसाला या घरातलं एरंडेल दिसलं तरी घाम फुटतो. नको. शिवाय कोणी हात धरला असेल तर घड्याळजीसमोर तो सोडावा लागेल. हे शेवटचं वाक्य खोड. खोडलंस? दाखव. खोडलं म्हणजे कसं दिसतं ते मला ठाऊक आहे.

१७ मार्च, सोमवार

साफसफाई थोडी मागे पडली. कामं असतात. रोज दिवेलागणीला दार करकरलं की मी स्टूल घेऊन बसते. एक चमचा व्हिनेगर, एक चमचा सोडा. मग बोलणं होतं. विचारलं, तिकडे जेवणाचं कसं? गुडगुड. विचारलं, मुलगा अजून तुमच्यासारखाच घोरतो, ऐकू येतं का? हुश्श. विचारलं, कपाटात जायचंय का, काचेमागे? बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक एक बुडबुडा.

नळीला कान लावला. आत डोळा लावला. काळोख. काळोखात कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं. मी पण बघितलं. आपण का मागे राहायचं.

सूनबाई सोड्याचा डबा लपवते. केक करायचा होता म्हणे. पाच महिन्यांत एक केक झालेला नाही.

१९ मार्च, बुधवार

रविवार आलाच. आता गंभीरपणे. नळी वाळवायची, तर उत्तम उपाय म्हणजे कोळशाची शेगडी. रात्रभर शेजारी ठेवली की सकाळी खडखडीत. शेगडी पेटवली, बंदूक उचलली, तोच सूनबाईने हातातून ओढून घेतली. सासूच्या हातून. म्हणाली, आई, रागवा, मारा, पण घड्याळजी बघेपर्यंत ही विस्तवाजवळ जाणार नाही. कालच त्याला निरोप दिला होता म्हणे. माझ्या पाठीमागे.

तिचं हे बोलणं तिने मी न सांगताच लिहिलं असणार. लिहू दे.

२० मार्च, गुरुवार

घड्याळजी आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गज घातला, खूण पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, वहिनी, जरा तिकडे, माझ्या पाठीमागे उभ्या राहा.

गजाच्या टोकाला त्याने पेच बसवला, आत फिरवून फिरवून ओढला. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. शिशाची गोळी आली, निळ्या पट्ट्यांच्या चिंधीत. यांच्या उशीच्या अभ्र्याची चिंधी, मीच कातरलेली. मागोमाग काळा चिखल.

म्हणाला, भरलेली होती.

सूनबाई खाली फरशीवरच बसली. मी एवढे दिवस बंदुकीच्या तोंडात डोळा घालत होते ते तिला आठवलं असणार. मला नाही आठवलं. माझं लक्ष चिंधीकडे होतं.

म्हटलं, शक्य नाही, हे शिस्तीचे. भरलेली बंदूक यांनी कधी घरात आणली नाही. घड्याळजी चिखल पुसत म्हणाला, त्या शेवटच्या रविवारी त्याच्या छातीत दुखत होतं, वहिनी, तसाच घाईने निघाला. नाहीतर एरवी तो तिथेच… आणि थांबला. एरवी काय, विचारलं. म्हणाला, काही नाही, गज कोरडा ठेवत जा.

पण त्या रविवारचा कागद भिंतीवर आहे. मधोमध भोक. मग गोळी नळीत कशी? मी विचार केला. यांनी नियम मोडून दुसऱ्यांदा भरली असणार. माझ्या मलमाने हुरूप येतो माणसाला. घड्याळजीला सांगितलं. तो म्हणाला, असेल.

मग सुस्कारे कोण टाकत होतं, हे त्याला नाही विचारलं. तो गेल्यावर सूनबाईने स्वयंपाकघरात वाटी घेतली, व्हिनेगर घातलं, सोडा घातला. हुश्श.

म्हटलं, वाटीतलं वेगळं.

२३ मार्च, रविवार

मैदान. आठ-दहा म्हातारे, सगळ्यांचे बूट पुसलेले. एकेकाने यांच्यासाठी बार काढला. धूर इतका की माणसं दिसेनात. त्या धुरात मी पाहत होते. कोणी जास्तीचं उभं आहे का. नव्हतं.

मग माझी पाळी. घड्याळजीने बंदूक भरून द्यायला घेतली, खिशातून विकतच्या मलमाची डबी काढली. तो भुकटी मोजत होता तेवढ्यात मी चिंधीला माझं लावलं. सढळ हाताने. यांचा बार, यांचं मलम.

घड्याळजीने चिंधी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. ठासून हातात दिली, मागून दस्त्याला आधार दिला.

चाप ओढला. घोडा पडला.

फट.

टोपी फुटली, तेवढंच. धूर नाही, धक्का नाही. बंदूक माझ्या खांद्यावर गार पडून राहिली.

कोणी हसलं नाही. पण मला लागलं ते निराळंच. कुणाला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, रोजचं काही घडल्यासारखे. एकाने तर न सांगता गोळी ओढायचा पेच काढून पुढे केला. घड्याळजी कागदाकडे चालत गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि खिशातून टोच्या काढला. चामड्याला भोक पाडतात तो. परत आला तेव्हा कागदाला मधोमध भोक होतं.

सेक्रेटरी म्हणाला, धूर दिसला नाही. तिघेजण एकदम म्हणाले, वारा आहे. पान हलत नव्हतं. सेक्रेटरीने कागद उजेडात धरला. म्हणाला, मधोमध. मेंबर. आवाजाचं त्यानेही विचारलं नाही.

कागद हातात घेतला. कडा साफ होत्या.

त्यांनी तिथेच गोळी काढली, नुसत्या ऊन पाण्याने नळी धुतली, पुसली. बंदूक घरी आली. सूनबाईने फडकं घालून पाहिलं. पांढरं ते पांढरंच.

आज एवढंच.

२४ मार्च, सोमवार

माझा कागद भिंतीवर लावायला सांगितला, यांच्या शेवटच्या कागदाशेजारी. सूनबाईने विचारलं, खाली नाव लिहू का, कुठला कोणाचा ते? म्हटलं, नको. एकाच हातचे आहेत.

इतके रविवार. घरी येऊन, बूट काढून, माझ्या तोंडावर, तुझ्या मलमाची कृपा. आणि मी त्या आनंदात पुढच्या खेपेला एरंडेल वाढवायची. एकदा खरं बोलले असते तर मी रागावले असते. दोन दिवस. फार तर आठवडा. बरं, महिना.

मलम वाईट नाही. बंदुकीला मानवलं नाही, एवढंच.

दिवेलागणीला स्टूल घेऊन बसले. गज घातला, खूण तोंडाशी आली. एक चमचा व्हिनेगर, एक चमचा सोडा. दोन्ही सरळ खालच्या भोकातून निघालं, सूनबाईच्या पायावर. नळीत फुंकलं. आरपार. आत कोणी नाही.

डबीत मलम बरंच उरलं होतं. सूनबाईला म्हटलं, धर दिवा. दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांना माझ्या बोटाने लावलं, सढळ हाताने. दोनदा उघडलं, दोनदा लावलं. लोण्यासारखं चालतं. मी सांगत होते, मलम उत्तम आहे.

आता संध्याकाळी कोणी आलं तरी कळायचं नाही.