अध्याय संपायच्या आधी

पिंपळगाव राजा
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. पुष्पांजलीस,
वहिनीचे अ. उ. आ. देवाच्या कृपेनं इकडे सर्व क्षेम. पत्र पाहून दचकू नको. फोन बैठकीत असतो आणि तुझ्या दादाचे कान त्याहून जवळ, म्हणून लिहिते.

माझं ओटीपोट तीन वर्षं दुखून राह्यलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, तरी डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका. शेजारच्या बनाबाई म्हणतात, गल्लीत किती जणींनी काढली, तूच काऊन भेतेस. दत्तजयंतीनंतरची तारीखही ठरली. पण पुष्पे, झाकण हरवलं म्हणून मी कधी डबा फेकला नाही. मग पोटातली वस्तू, ती बिघडली असं कोणी दाखवत नसताना, कशी देऊन टाकू? आणि नको म्हटलं तर दुखणं मनाचंच ठरेल. काय करू ते कळव.

जावईबापूंना नमस्कार. मुलांना गोड पापा.
तुझी,
सुभद्रावहिनी

जळगाव जामोद
८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी रागावले, मग हसले. दुखतं हा शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्या लग्नात भाजलेल्या हातानं तुम्ही ओठ आवळून पुऱ्या तळत होत्या, अन् मी समजले वहिनीला नवरदेव पसंत नाही!

इथं दर गुरुवारी अकोल्याच्या डॉक्टरीणबाई येतात. त्यांना दाखवल्याशिवाय ऑपरेशन नाही. दादाले सांगा, नाही तर मी येऊन सांगते. लहानपणापासून मले भेतो तो. सगळे कागद आणा. भाकरी बांधून आणू नका, आमची भी चूल पेटते.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची लाडकी आणि भांडखोर,
पुष्पांजली

पिंपळगाव राजा
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. पुष्पांजलीस,
अ. उ. आ. तुमच्याकडे आले त्या गुरुवारी तुझ्या सासूबाई सोबत होत्या, म्हणून आतलं बोलणं सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. पिशवी ठीक आहे, दुखणंही खरं आहे, म्हणाल्या. खालचे स्नायूच सदा आवळलेले. मग त्यांनी पाणी आणि लघवीचं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं की शेतात दिवसभर दम धरते आणि पारायणात पोथी मिटेपर्यंत आसन सोडत नाही, त्यासाठी पाणीही पीत नाही. त्यांनी चष्माच काढून ठेवला! हे थांबवा, म्हणाल्या. त्यांच्यासोबतच्या ताईंनी उताणं झोपून पोटात श्वास भरायचा आणि अंग सैल सोडायचं शिकवलं. आवळणं मला येत होतं, सोडणं शिकावं लागलं.

तारीख रद्द केली. तुझ्या दादाला मीच सांगितलं. त्यांनी शेकायला पाणी गरम करून दिलं. दुखणं पुरतं गेलं नाही. कधी उठतंच. मग शेकते, अंगणात चालते, श्वास घेते, आणि ते उतरतं.

खरी परीक्षा पारायणात झाली. वाचायला ऐंशी वर्षांच्या झुंबरबाई, आणि त्यांच्यापुढं मधेच उठायची कोणाची छाती नाही. अध्याय रंगात आलेला, आणि मला लघवीला लागलेली. मी मनात देवाला हात जोडले आणि उभी राह्यले. बनाबाईंनी डोळे वटारले. झुंबरबाईंनी वाचणं थांबवलं, पोथीत मोरपीस ठेवलं, गुडघ्यावर हात टेकला आणि म्हणाल्या की थांब वं पोरी, मी भी येते. मागं वळून पाहते तर आणखी पाच जणी, आणि सर्वांत पुढं बनाबाई!

अशीच हक्कानं भांडत राहा.
तुझी,
सुभद्रावहिनी