पुठ्ठ्याच्या स्टुलावर प्रमुख पाहुणे

आदरणीय भावोजी,

धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढंच वाकून). तुमचं पित्त शांत असेल, ताईला झोप लागत असेल आणि वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या पाण्यावरून चाललेलं तुमचं भांडण अजून जोमात असेल, अशी आशा आहे. भांडण मिटलं असेल तर मात्र कळवा, मला तुमच्या तब्येतीची काळजी वाटू लागेल. आमच्याकडे सगळं ठीक. उद्योजकांचा मेळावा पार पडला. हे शेवटचं वाक्य लिहिलं, उठून चहा केला, आणि परत येऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. अजून तिथेच आहे. म्हणजे खरंच पार पडला.

गेल्या वर्षीच्या मेळाव्याला मी चारचौघांत नावं ठेवली होती. नावं ठेवणाऱ्याच्याच गळ्यात घोंगडं टाकायचं, ही आमच्या संघटनेची शिक्षा देण्याची पद्धत. म्हणून यंदा झेरॉक्सचं दुकान सांभाळून मी स्वयंसेवकांची प्रमुख. आता स्वयंसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सतरंज्या उचलणारी माणसं येतात. माझे स्वयंसेवक सगळेच्या सगळे मालक. कोणाचं दुकान, कोणाचा कारखाना, कोणाचं पार्लर. मालकाला काम सांगितलं की तो ते करत नाही, करवून घेतो. असे सगळे करवून घेणारे एका खोलीत जमले की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मला हे सगळं सोडून पळताही येत नव्हतं, त्याला कारण तुम्ही. मेळाव्यात एक तरी खरी ऑर्डर मिळव, नाहीतर वर्कशॉपला कुलूप लाव आणि काकांच्या ऑफिसात चिकट, असं तुम्ही लेकीला फोनवर बजावलंत. ('पुठ्ठ्यात बूट बसतात, पुठ्ठ्यावर माणूस बसत नसतो' हे तुमचं वाक्य तिने मला तुमच्या आवाजात म्हणून दाखवलं. हुबेहूब.) पुठ्ठ्याच्या या घडीच्या स्टुलांसाठी पोरीने बोटांची सालं काढून घेतली आहेत, भावोजी. तेव्हा मेळावा फसला असता तर संघटनेची अब्रू गेली असती, ती एरवीही फारशी नाही. पण तिचं वर्कशॉप गेलं असतं.

खुर्च्यांचं काम मी फर्निचरवाल्यांना दिलं. खुर्च्या फर्निचरवाल्याला नाही सांगायच्या तर काय न्हाव्याला? ते म्हणाले, झालं म्हणून समजा. त्यांनी ते गादीवाल्यांकडे सोपवलं, गादीवाल्यांनी केटररकडे, आणि केटररने, तुमच्या हातून कामं पटकन होतात हो मावशी, असं म्हणत मला फोन केला. दुकानात गिऱ्हाईक उभं, मशीनमध्ये कागद अडकलेला, आणि हा सांगतोय की एका कार्यक्रमाला खुर्च्या हव्यात. कोणत्या कार्यक्रमाला, ते त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, झालं म्हणून समजा. आणि लगेच ते काम फर्निचरवाल्यांच्या गळ्यात मारलं. त्यांनी ते नवीन काम समजून आनंदाने घेतलं आणि गादीवाल्यांना दिलं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, खुर्च्यांचं काय? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातली सर्वांत ठाम मान माझी होती.

मेळाव्याच्या सकाळी सभागृह उघडलं, तर आत चकचकीत फरशी आणि फरशीत आमचे चेहरे. बाकी काही नाही. त्यात प्रमुख पाहुणे म्हणजे ठिकठिकाणी प्रदर्शनं भरवणाऱ्या कंपनीचे मालक. देह भरभक्कम, गुडघे दुखरे, भाषणसुद्धा बसूनच करणार असं त्यांनी आधीच कळवलेलं. 'खुर्च्या तुमच्याकडे होत्या ना?' 'मी तर कधीच पुढे दिल्या.' 'पुढे म्हणजे कुठे?' असं करत करत बोटं फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. तेवढ्यात तुमची लेक आपल्या स्टॉलचा माल घेऊन आली, टेम्पोभर सपाट पुठ्ठे. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, 'मावशी, तुमचं भांडण उभ्याने चालू द्या, मी बसायचं बघते.'

काम पुढे ढकलायला कोणी उरलंच नव्हतं, म्हणून मालक मंडळी जमिनीवर बसून घड्या घालू लागली. ज्यांनी जन्मभर सागवानाखेरीज कशाला हात लावला नाही, ते फर्निचरवाले पुठ्ठा असा धरत होते की जणू दुसऱ्याचं तान्हं मूल. लेक त्यांच्या मागे उभी. 'काका, कोपरा आधी आत. आत म्हणजे आत.' पार्लरवालीच्या घड्या सर्वांत सुबक आल्या, हे तिने अजून कोणाला विसरू दिलेलं नाही.

पाहुणे आले, व्यासपीठावर चढले आणि बसले. भावोजी, इतक्या एकाग्र सभेपुढे ते आजवर बोलले नसतील. त्यांना वाटलं भाषण रंगतंय. आमच्या नजरा त्यांच्या कमरेखाली. स्टूल हूं का चूं करेना. मी श्वास सोडणार, तोच हातवारे करताना त्यांचा धक्का पाण्याच्या जगला लागला आणि सगळं पाणी स्टुलाच्या बुडाशी गेलं. तुमची लेक गप्प राहिली असती तर कदाचित निभावलंही असतं. पण ती दुसरं स्टूल घेऊन सरळ वर चढली आणि भर माइकसमोर म्हणाली, 'सर, जरा उठता? हे भिजलंय. आता हे तुम्हाला पेलणार नाही.'

मी मनातल्या मनात वर्कशॉपला कुलूप लावून किल्लीही तुमच्या हातात दिली. पाहुणे उठले, ओलं स्टूल अंगठ्याने दाबून पाहिलं, कोरड्यावर बसले आणि म्हणाले, 'आपल्या मालाचा दोष भरसभेत सांगणारी तू पहिलीच. कोरड्या हॉलमध्ये किती दिवस टिकतात?' तिने सांगितलं, फुगवून नाही. भाषण तिथेच संपलं आणि व्यवहार सुरू झाला. त्यांच्या सगळ्या प्रदर्शनांसाठी ऑर्डर दिली आहे, लेखी. ताईने फोनवर अर्धवट सांगितलं असेलच, पण तुम्ही ताईचं अर्धवटच ऐकता, म्हणून हे सविस्तर.

तेव्हा आम्ही सुटलो. मालक मंडळी आपापल्या गल्ल्यांवर परत गेली, माझी कंबरही येईल ताळ्यावर. ताईला माया.

तुमची, तूर्तास कोणालाही नावं न ठेवणारी,
मेहुणी

ता. क. ऑर्डरला एक अट आहे. प्रत्येक स्टूल पाठवण्यापूर्वी नीट तपासलेलं हवं, आणि तपासणारा मुलाहिजा न ठेवणारा हवा. कारखान्यात तुम्ही जन्मभर लोकांचा माल नापास करण्याचा पगार घेतलात. इथे पगार नाही, पण नापास मात्र पोटभर करता येईल.

आणखी एक ता. क. हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, तिने सांगितलेलं नाही. ती विचारणारही नाही, तुमच्यावर गेली आहे. परवा तिने तुम्हाला पाठवलेल्या स्टुलावर तुम्ही पाय ठेवून पेपर वाचता, असं ताई म्हणाली. पाय काढा आणि बसा. दोष सापडला तर मला कळवू नका, तिला फोन करा. पोरगी परवापासून फोन हातातून खाली ठेवत नाहीये.