इस्त्री म्हणजे जीर्णोद्धार नव्हे

॥ श्री ॥

सावेडी, नगर
श्रावण वद्य चतुर्थी

चि. सुमंतभावजींना वहिनीचे आशीर्वाद. (एकसष्टी झालेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात जरा अडखळतो, पण दीर तो दीरच.)

तुमचं पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: पारदर्शक पिशव्या छत्तीस, पिशवीत सरकवायचे पांढरे पुठ्ठे छत्तीस, सुती हातमोजे एक जोड, छापील फॉर्म एक आणि तुमची चिठ्ठी. पार्सलवर तिकिटं एकशे बारा रुपयांची. पोस्टमन आला तेव्हा आम्ही नेमके दत्ताच्या देवळात, म्हणून पोस्टातून सोडवून आणायला रिक्षा जाऊन-येऊन ऐंशी. हातमोजे तुमच्या दादांना होत नाहीत, मला होतात. ते घालून मी अजून देवाची भांडी घासलेली नाहीत, एवढा संयम माझ्या नावावर असू द्या.

तुमचा गुडघा कसा आहे? नागपूरच्या दमट हवेत सौ. सुरेखाचा दमा उचल खात नाही ना? इकडे सर्व क्षेम. तुमच्या दादांची साखर आटोक्यात आहे, स्वभाव नाही.

पोच द्यायला बारा दिवस लागले. कारण सांगते, पण क्रमाने सांगू द्या. मधूनच धरलं तर मी फार वाईट दिसेन, आणि क्रमाने सांगितलं तर थोडी कमी दिसेन अशी आशा आहे.

तर तुमचे ते छत्तीस अंक. पितळी टोपाच्या पाणबुड्याची चित्रकथा, दर महिन्याला एक, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग. सत्तेचाळीस वर्षं माझ्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात राहिले. (नगरला नळाला पाणी दिवसाआड, आणि हा बाबा पानापानावर बुडालेला. मला तेव्हाच हेवा वाटायचा.) ते आता पुण्याच्या त्या धवलच्या संग्रहालयात जाणार, काचेच्या कपाटात राहणार, आणि कपाटावर ‘सुमंत यांचा संग्रह’ अशी पाटी लागणार. पाटीचं तुम्ही चिठ्ठीत चार वेळा लिहिलंय. मी हसले नाही. नोकरीत तुमच्या नावाच्या पाट्या लागल्या त्या दर बदलीला निघाल्या. एखादी न निघणारी असावी असं कोणालाही वाटेल.

तुम्ही लिहिलं होतं, ‘वहिनी, अंक जसे आहेत तसेच धवलच्या हवाली करा.’ मी त्याचा अर्थ घेतला, एकही कमी होता कामा नये. छत्तीस मोजले, छत्तीस भरले. पण चटईवर मांडले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. कोणाचे कोपरे दुमडलेले, कोणाला मधोमध घडी, एक तर पन्हळीसारखा वळलेला. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरी जाते ती अशी चुरगळलेली जाते का? मी बोहारणीला जुन्या साड्या देते त्यासुद्धा धुऊन, घडी घालून. (बोहारीण म्हणते, “बाई, तुमची साडी भांड्यावर द्यायची न्हाई वाटत, मीच नेसावी वाटतं.”) सासूबाईंनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, की देताना असं द्यावं, घेणाऱ्याला आपलं घर दिसलं पाहिजे. म्हणून एकादशीच्या दुपारी मी इस्त्री काढली.

घाबरू नका. आधी पानांवर बोटांनी पाणी शिंपडलं, संध्येला शिंपडतात तेवढंच. वर जुन्या नऊवारीचा धुवट तुकडा. इस्त्रीचा काटा रेशमावर. मग प्रत्येक अंक तुमच्याच पुठ्ठ्यांच्या मधे घातला आणि सगळी चळत दादांच्या गादीखाली. त्यांचं वजन ब्याऐंशी. तीन रात्रींसाठी बजावून ठेवलं, की कुशीवर वळायचं नाही, मधोमध राहायचं. चौथ्या दिवशी उठले ते कंबर धरूनच. म्हणाले, “एवढी काळजी माझ्या पाठीची केली असतीस, तर मी आज ताठ चाललो असतो.” पण अंक असे निघाले, भावजी, की बँकेतून आताच आणल्यासारखे. मी देवापुढे साखर ठेवली.

परवा धवल आला. माणूस भला आहे. चपला दाराबाहेर काढल्या, नमस्कार केला, स्वतःचे मोजे चढवले, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिला अंक उचलला. मग तो तिरका धरला. मग खिडकीशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं.

“काकू, हे प्रेस केलेत?”

“हो. का? कुठे सुरकुती राहिली का?”

तो खाली बसला. पाणी मागितलं. मग त्याने सांगितलं ते असं, की या अंकवाल्यांच्या जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, दाबून सपाट केलं तर काही बिघडत नाही. शाई तीच, कागद तोच, वरून काही घातलं नाही. दुसरा म्हणतो, वस्तू होती तशी राहिली नाही आणि बघणाऱ्याला ते कळलं नाही, म्हणजे तो जीर्णोद्धारच झाला. दोन्ही पंथ एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. बाहेर लोक म्हणे हेच काम मोठ्या यंत्रात घालून करून घेतात आणि त्याचे पैसे मोजतात. (“मग माझ्या तीन रात्रींचं बिल कर,” दादा लगेच म्हणाले.)

धवल स्वतः पहिल्या पंथाचा. म्हणाला, “नुसते दाबलेत ना? मग माझी हरकत नाही. पण डिंक, रंग, चिकटपट्टी, असं काही घातलं असेल तर तो अंक मला घेता येणार नाही. एक गेला की संच मोडला, आणि संच मोडला तर कपाट नाही.” कपाट नाही म्हणजे पाटी नाही, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तुम्ही पाठवलेला फॉर्म त्याने माझ्यापुढे सरकवला. त्यात प्रश्न आहे: ‘अंकांचा जीर्णोद्धार केला आहे काय? असल्यास तपशील.’ खाली सही माझी हवी, कारण इतकी वर्षं ताबा माझा होता.

आता मी मॅट्रिक. जीर्णोद्धार देवळाचा होतो, एवढंच मला ठाऊक. म्हणून काल सकाळी गुरुजींना विचारायला गेले. अंकांचं नाव काढलं नाही, वस्तू म्हटलं. ते म्हणाले, “पितळेचा देव चिंचेने घासलात तर देव तोच राहतो. मूर्तीला वज्रलेप केलात तर मात्र ते चारचौघांना सांगून, विधी करून करावं लागतं. काढलं ती सफाई, घातलं तो लेप.” मला फार हायसं वाटलं. आपण तरी काय म्हणतो? साडीला इस्त्री केली तर तिला कोणी दुरुस्त केलेली साडी म्हणत नाही. रफू केली तर म्हणतात. दादांचं मत निराळंच. ते म्हणतात, “सरकारी नोकरीत मी एकही रकाना ‘हो’ लिहून भरलेला नाही. ‘हो’ लिहिलं की पुढे तपशील मागतात.”

तेव्हा माझ्यापुरता निकाल लागला आहे. इस्त्री म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. पुढच्या शुक्रवारी धवल फॉर्म न्यायला येईल, तेव्हा मी ‘नाही’ लिहून देईन. तुम्ही निर्धास्त असा. तुम्हाला न विचारता हात लावला याचं वाईट वाटतं, एवढं मनापासून लिहिते आणि पुरं करते.

तुमची वहिनी
प्रेमला

ता. क. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा उघडलं. पस्तीस अंकांना नुसती इस्त्री. सतराव्याने इस्त्रीचं ऐकलं नाही. पन्हळीसारखा वळलेला म्हटलं ना, तोच. तीनदा दाबला, हात सोडला की पुन्हा त्याची सुरळी. शेवटी मी त्याला खळ लावली. एकादशी, घरात भात शिजलेला नाही, म्हणून साबुदाण्याची. पातळ केली, फडक्यातून गाळून घेतली, अगदी बेताने लावली, पण लावली. धवलने तो अंक नाकाशी नेला आणि म्हणाला, “काकू, आज उपासाचं काही केलंय का?” मी “हो” म्हटलं आणि उठून, साबुदाणा कोमट पाण्यात भिजवून, खिचडी टाकली. त्याने दोनदा मागून घेतली, लिंबाच्या लोणच्याची तारीफ केली आणि सतराव्याचं विसरला. उपास नसताना खिचडी केली, तेही देवाने पाहिलं. खळ म्हणजे लेपच, भावजी. गुरुजींना मी इस्त्रीचं विचारलं, खळीचं विचारलंच नाही.

ता. क. दुसरा. सतरावा अंक सरळ व्हावा म्हणून मी का हट्टाला पेटले ते लिहायचं नव्हतं. तो कशाने वळला होता ते तुम्ही विसरला नसाल. तुम्ही सातवीत. मामंजींनी चातुर्मासाची पोथी उघडली आणि अध्यायाच्या मधून पाणबुड्या निघाला. त्यांनी त्याच अंकाची घट्ट सुरळी केली आणि तुम्हाला मारलं. “देवाच्या पोथीत ठेवतोस? पोथीत?” तुम्ही रडत म्हणत होतात, “अण्णा, मी नाही ठेवला.” मी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दिवाळी झाल्यावर शिस्त लागावी म्हणून तुम्हाला कर्जतला मामांकडे धाडलं, ते तुम्ही मॅट्रिक होऊनच परतलात.

तो मी ठेवला होता.

दुपारी सासूबाईंना पोथी वाचून दाखवायची ती नव्या सुनेने. त्यांचा डोळा लागला की मी पोथीच्या पानांत तुमचा अंक धरायची. आवाज मात्र पोथीचाच चालू ठेवावा लागे, कारण तो थांबला की त्या जाग्या व्हायच्या. (एकदा नादात मी देवाऐवजी पाणबुड्यालाच समुद्रातून वर काढला, आणि त्यांनी झोपेत हात जोडले.) त्या दिवशी दारात भाजीवाली आली, आणि मी पोथी तशीच मिटून उठले. मी एकोणीस वर्षांची, घरात येऊन सव्वा वर्ष झालेली. तोंड उघडलं असतं तर फार तर चार दिवस माहेरी धाडली असती. नाही उघडलं, तर तुम्हाला चार वर्षं धाडलं. अठरापासून पुढचे अंक दादांनी घेऊन ठेवले असं तुम्ही समजता. ते मी त्यांच्याकडून आणवले. प्रायश्चित्त म्हणून आणवले, वाचले मात्र आवडीने. हेही लपवत नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं काम एवढंच. फॉर्म अजून कोरा आहे. तुम्ही सांगाल ते लिहीन, असं वर लिहिणार होते. मग लक्षात आलं की तेही पुन्हा तुमच्याच अंगावर ढकलणं झालं. म्हणून शुक्रवारी मी ‘हो’ लिहिणार आहे आणि तपशिलात ‘अंक सतरावा, साबुदाणा’. संच मोडेल. पाटी जाईल. माझ्यामुळे तुमच्या हातून गेलेली ही दुसरी गोष्ट. तिच्या भरपाईला माझ्याजवळ काहीही नाही.

विनंती अशी, की हे वाचल्यावर फोन करू नका. फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला “जाऊ द्या हो वहिनी” म्हणाल, मी “बरं” म्हणेन, आणि दोघांनाही तेवढ्यावर सुटल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा कागद घेऊन बसा आणि त्या चार वर्षांचं तुम्हाला जे वाटलं असेल ते लिहा. राग असला तर रागाचं लिहा, अक्षर वाईट आलं तरी चालेल. दोनच ओळी आल्या तरी मला पुरतील, पण त्या लिहिलेल्या असू द्या, आणि उलट टपाली पाठवा.