नाताळच्या गोठ्याखालचा हीटर

७ जाने., बुध.
लिहू लिहू म्हणत दिवाळीपासून टाळलं. वही होती, पेन होतं, वेळही होता. मीच एका जागी नव्हतो. शारजा, मग दुबईत सिलिकॉन ओएसिसला मित्राच्या सोफ्यावर, आता फुजैराच्या डोंगरातलं हे फार्महाऊस. सांभाळतात वसईचे फिलिप अंकल आणि रोझी आंटी. ना ओळख ना पाळख, ठेवून घेतलं मला. रोज आंटीच्या हातची मच्छी. देवा, यांना सुखात ठेव.

आज काम मिळालं. हॉलमधला गॅस हीटर साफ करायचा. खोटी लाकडं, खऱ्या ज्वाळा, पुढे काच. वर्षभर बंदच असतो, म्हणून आंटी नाताळचा गोठा त्याच कोनाड्यात मांडते. लाकडांवरच पेंढा, कापसाचा बर्फ. काल तीन राजांचा सण झाला, आज गोठा आवरला. पुढच्या आठवड्यात अरबाब, म्हणजे मालक, येणार. त्याला हीटर पेटलेला हवा.

अंकल म्हणाले, "हे एक काम धड शेवटपर्यंत ने. मग तुझ्या व्हिसाचं मी अरबाबशी बोलतो."
माझा व्हिजिट व्हिसा संपत आलाय. त्यामुळे...

८, गुरु.
बाहेरचा सिलिंडर बंद. अंकलनी स्वतः परत तपासला. लाकडं सिरॅमिकची, बिस्किटासारखी ठिसूळ. नळाखाली धरणार होतो, आंटीने हातातून काढून घेतली. पाणी नाही, मऊ ब्रश. बर्नरच्या भोकांत पेंढ्याच्या काड्या, कापूस, वर वाळू. व्हॅक्यूमने ओढलं. कोपऱ्यात कोळी. त्याला बाहेर सोडायला गेलो तर शेजारच्या बकऱ्या दिसल्या, त्यांचे फोटो काढले, मग वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात, पाणी आलंय कळलं, ते बघायला...
परत आलो तर सगळ्यांची जेवणं झालेली. माझं ताट झाकून ठेवलेलं. आंटी रागावली असती तर बरं झालं असतं.

९, शुक्र.
लाकडं रचली. उभी, एकमेकांना टेकवून, मध्ये पोकळी. पेटवलं. पिवळ्याधमक उंच ज्वाळा, मला तर फार आवडल्या. काचेवर काजळी धरली आणि भिंतीवरचा अलार्म कोकलायला लागला. अंकलनी नॉब फिरवला, खिडक्या सताड उघडल्या, आम्हाला अंगणात काढलं.
"होळी रचलीस काय रे, भटक्या?"
हो म्हटलं. आमच्या वाडीत अशीच रचतात.
हसले. मग म्हणाले, गॅस अर्धवट जळला की विषारी वायू होतो, अलार्म त्याचाच; त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. प्रत्येक लाकडाची जागा ठरलेली असते, काढायच्या आधी फोटो घ्यायचा. माझ्या फोनमध्ये नुसत्या बकऱ्या.

१०, शनि.
आंटीने वाचवलं. ती दर वर्षी गोठा मांडायच्या आधी रिकाम्या कोनाड्याचाही फोटो काढते, चर्चमधल्या मंडळाच्या ग्रुपवर 'आधी आणि नंतर' टाकायला. त्यात लाकडं होती तशी. बघून बघून लावली. अंकलसमोर, खिडकी उघडी ठेवून पेटवलं. बुडाशी निळी, शांत. फक्त डाव्या टोकाला पिवळी जीभ, परत काजळी. बंद. अंकल म्हणाले, आतला बर्नर आपण खोलायचा नाही, गॅसवाला सोमवारी येतोय. तोवर पेटवायचा नाही, कुणीही सांगू दे.
"तुम्ही सांगितलं तरी?"
"मी सांगितलं तरी."
सिलिंडरच्या पिंजऱ्याची किल्ली माझ्याकडे दिली. माझ्याकडे! दोनदा घोळ घातला, कुणी बॅग भर म्हणालं नाही. एवढं कुठेच मिळालं नव्हतं.

११, रवि.
अंकल-आंटी शहरात मिस्साला. मी काच पुसत होतो. अर्धी झाली, गेटवर हॉर्न.
अरबाब, ठरल्याच्या आधीच. सोबत त्याची म्हातारी आई. बाहेर डोंगरावरचा गार वारा. ती थेट हीटरसमोर जाऊन बसली, हात पुढे करून. अरबाब हिंदीत म्हणाला, "अम्मी को ठंड लग रही है, चालू करो." अंकलचा फोन बंद, चर्चमध्ये असणार.
आंटीची गोधडी आणायला आत आलोय. किल्ली खिशात. अरबीतलं यल्ला येतं, खलास येतं, इन्शाल्ला तर रोज म्हणतो. मालकाला तोंडावर नाही म्हणायची वेळ कधी आली नव्हती.
गोधडी सापडली. अरबाब हाक मारतोय. गोधडी देतो, किल्ली खिशातच राहील.